नाटक-शॉर्टफिल्म लिहिताय? पात्राचं आडनाव ठरवण्याआधी हे वाचा

शिरगाव (बदलापूर) : भाताची कापणी-झोडणी उरकली, पेंढा रचून झाला की आपल्याकडे जत्रांचे दिवस सुरू होतात आणि त्याबरोबर मंडळांच्या नाटकांच्या तालमी. हल्ली त्यात शॉर्टफिल्म आणि यूट्यूबवरच्या आगरी वेबसिरीजची भर पडली आहे. शूटिंग मोबाईलवर होतं, एडिटिंगही मोबाईलवर होतं. लिहिणारा मात्र पुष्कळदा अजून वहीतच लिहितो, आणि वहीच्या पहिल्या पानावर पात्रांची यादी करतानाच अडकतो. नाव लगेच सुचतं. सुरेश, मंदा, हिराजी. आडनाव काय द्यायचं?

बातमीच्या निमित्ताने फिरताना गावोगावची नाटकं बघायला मिळतात. दुसऱ्या दिवशी पारावर नाटक कसं झालं यापेक्षा "सावकाराला आमचंच आडनाव का दिलं" हीच चर्चा जास्त चालते. त्यात लोकांचं चुकत नाही. आपल्याकडे आडनाव म्हणजे माणसाचा अर्धा पत्ता. गाव, धंदा, वाडवडिलांचा हुद्दा, पुष्कळदा जातसुद्धा लोक त्यातून वाचतात. शहरातल्या थिएटरात कोण कुणाच्या शेजारी बसलंय हे माहीत नसतं. गावात त्या आडनावाची घरं पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून बसलेली असतात.

म्हणून आडनाव कुठून येतं, त्याचा अर्थ काय आणि पात्राला ते कसं लावावं, याची माहिती इथे एकत्र देत आहे. आपापल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही.

आडनाव सगळ्यांना आधीपासून होतं का?

नव्हतं, निदान कागदावर तरी नव्हतं. जुनी माणसं ओळखली जायची ती नावाने, बापाच्या नावाने आणि गावाने. ज्यांची वतनं होती, ज्यांची राजदरबारात नोंद होती, त्यांची आडनावं पक्की झाली. संतांचं बघा. तुकाराम महाराजांचं उपनाव आंबिले, घराणं मोरे. समर्थ रामदासांचं मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. आपण कुणीही 'आंबिले' किंवा 'ठोसर' म्हणून त्यांची आठवण काढत नाही.

इंग्रजांच्या काळात जमिनीची मोजणी झाली, शाळेचं रजिस्टर आलं, कोर्ट, पलटण आणि रेल्वेचा पगारपत्रक आला. प्रत्येक रकान्यात काहीतरी भरावं लागलं. टेबलावरच्या माणसाने विचारलं, समोरच्याने सांगितलं, किंवा टेबलावरच्यानेच स्वतःच्या मनाने लिहिलं. कुणाला गाव लागलं, कुणाला धंदा, कुणाला सरळ जात.

उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. कातकरी ही त्याची जमात. आडनावाच्या जागी जमात बसली आणि इतिहासात तेच नाव राहिलं. आज आपल्या डोंगराकडच्या वाड्यांवर जाऊन विचारलं तर कातकरी घरांची आडनावं वाघमारे, वाघे, हिलम, मुकणे, पवार, जाधव अशी सांगितली जातात.

उलट उदाहरण कवी नारायण सुर्वे यांचं. अनाथ म्हणून सापडलेल्या बाळाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेलं आणि आपलं आडनाव दिलं. हेच सुर्वे पुढे आपल्या शेजारी, नेरळला राहायला होते. रक्ताचं नातं नसताना मिळालेलं आडनाव मराठीत एवढं मोठं झालं. कथा लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. पात्राला आडनाव कसं मिळालं, यातच कधीकधी अख्खी गोष्ट दडलेली असते.

हुद्द्यावरून आलेली आडनावं

मराठीत सगळ्यात मोठा ढीग हाच. पाटील म्हणजे गावाचा प्रमुख. कुलकर्णी गावचा हिशोब ठेवणारा. देशमुख आणि देशपांडे हेच काम परगण्याच्या पातळीवर करायचे, म्हणजे एक कारभार बघणारा आणि दुसरा दफ्तर सांभाळणारा. चौगुला हा पाटलाचा मदतनीस. पोतदार नाणी पारखायचा. चिटणीस पत्रव्यवहार बघायचा, मुजुमदार हिशोब तपासायचा, टिपणीस टिपणं ठेवायचा. कोकणात खोत गावाचा सारा गोळा करायचा. शेटे, महाजन ही बाजारपेठेतली मानाची माणसं. खाडीकडे आणि समुद्राकडे गेलात तर तांडेल आणि नाखवा हे बोट चालवणारे, बोटीचे मालक. आपल्याकडचं म्हात्रे हे आडनाव 'म्हातारा' म्हणजे गावाचा कारभार बघणारा वडीलधारा, या जुन्या मानाच्या पदावरून आलं असं मानतात.

इथे गोष्टीचा काळ महत्त्वाचा. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली. मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्याने रद्द झालं. त्यामुळे तुमची गोष्ट १९४० सालची असेल तर 'पाटील' म्हटल्यावर तो गावावर हुकूम चालवणारा माणूस असू शकतो. गोष्ट आजची असेल तर पाटील हे फक्त आडनाव. तो रिक्षा चालवतो, लोकल पकडून दादरला जातो, किंवा वीटभट्टीवर मुकादम असतो. आणि पोलीस पाटील हे वेगळंच पद. त्याची नेमणूक १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली होते, आणि त्याचं आडनाव काहीही असू शकतं. नवख्या लेखकांच्या स्क्रिप्टमध्ये हा घोळ फार दिसतो. आजच्या गोष्टीत पाटील पात्र लोकांना चाबकाने मारतंय आणि सगळं गाव गप्प आहे. आज तसं झालं तर कुणीतरी व्हिडिओ काढून व्हायरल करील की!

एकच शब्द किती वेगळं काम करतो यासाठी 'कोतवाल' बघा.

विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ चं. त्यातला घाशीराम पेशवाईत खरोखर होऊन गेला. तो पुण्याचा कोतवाल होता, म्हणजे शहराचा बंदोबस्त त्याच्या हातात. कोतवाल हा त्याचा हुद्दा होता, पण नाटकाच्या नावामुळे ते त्याचं आडनावच होऊन बसलं. हुद्दा असा नावाला चिकटला की पात्राचा सगळा माज त्या एका शब्दात येतो. या नाटकातल्या नाना फडणवीसांच्या चित्रणावरून मोठा वाद झाला, विरोध झाला, हेही विसरू नका. नाव खऱ्या माणसाचं असलं की जबाबदारी वाढते.

दुसरा कोतवाल आपल्या भागाचा. माथेरानचे भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. नाभिक समाजात जन्म, शिकून वकील झाले, १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभा केला, विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडच्या सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी २ जानेवारीला लोक तिथे जातात. इथे 'कोतवाल' म्हणताच इंग्रजांच्या बंदोबस्ताशी लढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

आणि तिसरा कोतवाल आपण लहानपणापासून बघितलेला. तलाठ्याच्या हाताखालचा, नोटीस घेऊन बांधावर येणारा, दवंडी देणारा.

तीन काळ, तीन माणसं, शब्द एकच. म्हणून नुसता 'अर्थ चांगला आहे' म्हणून आडनाव उचलू नका. तुमच्या प्रेक्षकाला ते ऐकून कोण आठवेल, हे आधी बघा.

हुद्द्याचं आडनाव नेमकं कसं बसतं याचा एक चांगला नमुना 'सिंहासन' (१९७९) सिनेमात आहे. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर तो बेतलेला. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस. मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांचं राजकारण बघणारा आणि टिपणारा माणूस, आणि आडनाव टिपणीस! कुणीही थांबून अर्थ सांगत नाही, सांगायची गरजही पडत नाही. निळू फुलेंनी ते काम केलं. त्याच निळू फुलेंचा 'सामना' (१९७५) मधला साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील. नुसतं पाटील म्हटलं असतं तर तो हजारांतला एक झाला असता. मध्ये 'धोंडे' आलं आणि त्या माणसाला वजन आलं, शिवाय कुठल्या एका पाटील घराकडे बोटही गेलं नाही.

गाव अधिक 'कर'

ही सगळ्यात सोपी रीत. तेंडोलीसारख्या, मंगेशीसारख्या गावांच्या नावाला 'कर' लागतो. मास्टर दीनानाथांच्या वडिलांचं आडनाव हर्डीकर होतं, दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून मंगेशकर लावलं. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून शाळेत आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर झालं. होळकर होळ गावचे, निंबाळकर निंबळकचे.

पण यात एक मेख आहे, आणि ती बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. गावाचं नाव माणसाला लागतं ते बहुतेक वेळा तो गाव सोडून गेल्यावर. शिरगावात राहणाऱ्या माणसाला शिरगावातच 'शिरगावकर' म्हणून काय ओळखणार? सगळेच शिरगावचे. तो मुंबईला गेला, पुण्याला गेला, तिथे विचारलं "कुठले तुम्ही?", की मग लागतो 'कर'. म्हणून तुमची गोष्ट वांगणीत घडत असेल आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच शेतकरी दाखवायचा असेल, तर त्याला 'वांगणीकर' देऊ नका. वांगणीकर हा तीन पिढ्यांमागे वांगणी सोडून गिरगावात राहायला गेलेल्या घराला शोभतो. तोच माणूस आज वाडवडिलांची जमीन शोधत परत आला तर? आडनावातूनच गोष्ट सुरू झाली. सध्या आपल्याकडे जमिनीचे भाव जसे आहेत ते बघता असे पुष्कळ 'कर' परत येतात.

शिवाय शिरगाव एकच नाही. देवगडकडे शिरगाव आहे, रत्नागिरीला आहे, पालघरला आहे, मावळातही आहे. त्यामुळे शिरगावकर आडनावाचा माणूस आपल्याच शिरगावचा असेल असं धरून चालू नका.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) चा नायक पांडुरंग सांगवीकर. नेमाडे स्वतः खानदेशातल्या सांगवीचे. पांडुरंग गाव सोडून पुण्याला शिकायला जातो. तिथे त्याचं मन लागत नाही, परत गावीही नीट जाता येत नाही. गावाचं नाव मात्र आडनावातून त्याच्याबरोबर सगळीकडे फिरतं. लेखकाने आपलं गाव वापरलं, आपलं आडनाव वापरलं नाही. ही युक्ती आपल्यालाही जमण्यासारखी आहे.

'कर' वरून जातही कळत नाही आणि धर्मही कळत नाही, हा त्याचा मोठा फायदा. अलिबाग, पेण, रोहा भागातल्या बेने इस्रायली म्हणजे मराठी ज्यू लोकांची आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर अशीच आहेत. सारस्वतांत कर, मराठ्यांत कर, दलितांत कर, सोनारांत कर. पात्राच्या जातीवर लक्ष जाऊ नये असं वाटत असेल तर 'कर' बरा पडतो. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' (१९७०) मधले अप्पा बेलवलकर घ्या. ते कुठल्या जातीचे, हा प्रश्न नाटक बघताना कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हातारपणी पोरांनी घराबाहेर काढलेला बाप, एवढंच आठवतं.

नवा 'कर' तयार करायचा तर लांबच्या, ऐकायला बरं वाटणाऱ्या गावाचं नाव घ्या. गावाच्या नावाच्या शेवटी 'आ' असला तर तो गळतो, सातारा-सातारकर. 'ए' किंवा 'ई' असला तर पुष्कळदा राहतो, पुणे-पुणेकर, सांगवी-सांगवीकर. बाकी सरळ लावा.

राजघराण्यांशी जोडलेली

जाधव देवगिरीच्या यादवांशी, कदम कदंबांशी, साळुंखे चालुक्यांशी, पवार परमारांशी, मोरे मौर्यांशी असं नातं जोडायची परंपरा आहे. आपल्या दृष्टीने जवळचं शेलार. हे आडनाव उत्तर कोकणात राज्य केलेल्या शिलाहारांशी जोडतात. अंबरनाथचं शिवमंदिर याच शिलाहारांचं, तिथला शिलालेख शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा. घोरपडे घराण्यात घोरपडीला दोर बांधून किल्ला सर केल्याची कथा सांगतात. असं आडनाव पात्राला दिलं तर त्या अभिमानाचं पुढे काहीतरी करा. 'शेलार' म्हणून भिंतीवर तलवार टांगलेली आणि खाली वीज बिल थकलेलं, असं काही. नुसता भारदस्तपणा म्हणून नको.

प्राणी, भाजीपाला आणि अवयव

वाघ, लांडगे, कोल्हे, गाढवे, कावळे, घारे. तुपे, दुधे, साखरे, भोपळे, कांदे, मुळे, भेंडे, दहिभाते. टकले, बोबडे, एकबोटे, भुजबळ. काळे, गोरे, पांढरे, तांबडे. आगलावे, गोडबोले, सातपुते. ही सगळी खरी आडनावं आहेत, आणि बहुतेकांच्या मुळाशी कधीतरी एखाद्या पूर्वजाला पडलेलं टोपणनाव असावं.

विनोदी नाटकवाल्यांचा डोळा नेमका याच्यावर असतो. गाढवे नावाचा मूर्ख, कोल्हे नावाचा लबाड, आगलावे नावाचा भांडणं लावणारा. पहिल्या एन्ट्रीला हशा येतो, कबूल. पण दुसऱ्या प्रवेशापासून त्या पात्राला काही करायला उरत नाही. आणि त्या आडनावाचं एखादं पोर शाळेत जात असतं, त्याला पुढचे सहा महिने तोच डायलॉग ऐकावा लागतो. उलटं करून बघा. गोडबोले तुसडा, वाघ घाबरट, आगलावे भांडणं मिटवणारा तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. हसू येतंच, आणि ज्याचं आडनाव आहे तोही हसतो.

पु. ल. देशपांड्यांची माणसं बघा. सखाराम गटणे, अंतू बर्वा, चितळे मास्तर, नाथा कामत. यातलं एकही आडनाव विनोदी नाही. हसू माणसातून येतं. आणि लग्नघरात सगळी कामं अंगावर घेणाऱ्या नारायणाला तर आपण आडनावाशिवायच ओळखतो. अशा माणसाचं आडनाव कोण विचारतो?

जात कळते का? कधी कळते, कधी फसते

इथे सगळ्यात जपून. आडनावावरून जात ओळखता येते असं आपल्याला वाटतं, आणि पुष्कळदा आपण फसतो. पाटील आगरी आहेत, कुणबी आहेत, मराठा, कोळी, लेवा, जैन, लिंगायत आहेत. ठाकूर म्हणाल तर आपल्याकडे ते आगरी-कोळ्यांतलं आडनाव, डोंगरात ती आदिवासी जमात (त्यांची आडनावं शिद, पारधी, मेंगाळ, निरगुडा, दरवडा), आणि उत्तर प्रदेशात आणखी तिसरंच. मुकणे हे जव्हारच्या संस्थानिकांचं आडनाव, आणि कातकरी वाडीवरही मुकणे आहेत. दलवाई, परकार, मुकादम ही कोकणातल्या मुसलमान घरांत भेटतात, देशमुखसुद्धा. दिब्रिटो, डाबरे वसईच्या ख्रिस्ती घरांत. आणि ती घरं मराठी बोलतात, मराठी लिहितात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

एकाच आडनावाची दोन पात्रं शेजारी ठेवा. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधला धनंजय माने, भाड्याची खोली शोधणारा, हजरजबाबी. आणि नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मधला जब्या, पूर्ण नाव जांबुवंत कचरू माने. कैकाडी घरातला, गावातली डुकरं पकडायला लावलेला पोरगा. दोघेही माने. पहिल्यात आडनावाने हशा आला. दुसऱ्यात मधलं 'कचरू' ऐकूनच पोटात कालवतं. पोरं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, कचरू अशी नावं ठेवायची पद्धत होती. जब्याच्या बापाचं ते नाव म्हणजे त्या घराचा सगळा भूतकाळ आहे. त्याच दिग्दर्शकाच्या 'सैराट' (२०१६) मध्ये पाटलांची आर्ची आणि काळ्यांचा परश्या. दोन आडनावांतलं अंतर महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नाही.

तेंडुलकरांनी १९७२ च्या 'सखाराम बाइंडर' मध्ये वेगळाच मार्ग काढला. सखाराम पुस्तकं बांधतो म्हणून बाइंडर. जन्माने ब्राह्मण, पण घर, जात सगळं झुगारून निघालेला. त्याला जोशी किंवा कुलकर्णी म्हटलं असतं तर सगळं विस्कटलं असतं. धंद्यालाच आडनाव केलं. आपल्याकडेही मोबाईलमध्ये नंबर असेच सेव्ह असतात की, 'रवी वायरमन', 'पप्पू डीजे', 'बाळा जेसीबी'. आजच्या गोष्टीत हे फार छान चालेल, आणि जातीचा प्रश्नच येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. गावाकडच्या नाटकांत आणि व्हिडिओंत चोर, दारुडा, गडी, मोळी विकणारी बाई यांना ठरावीक आडनावं दिली जातात, नाहीतर आडनावच नसतं. डॉक्टर, वकील, इन्स्पेक्टर, सरपंच यांना पूर्ण नाव, आदिवासी पात्राला नुसतं 'ए सोम्या'. वाडीवरची पोरंही आता मोबाईलवर तेच व्हिडिओ बघतात. डॉक्टर हिलम, शिक्षिका मेंगाळ, पीएसआय वाघे लिहून बघा. आपल्या भागात अशी शिकलेली पोरंपोरी आहेतच, त्यासाठी कल्पनाशक्तीही लागणार नाही.

खलनायकाला कोणतं आडनाव द्यावं?

भांडण होतं ते इथेच. जमीन लाटणारा दलाल, हुंडा मागणारी सासू, कर्जावर कर्ज चढवणारा सावकार. याचा साधा हिशोब असा की गावात ज्या आडनावाची शंभर घरं आहेत ते चालतं, कारण बोट कुणाकडेच जात नाही. ज्या आडनावाचं एकही घर पंचक्रोशीत नाही तेही चालतं. धोका मधल्या आडनावांत आहे, जिथे दोन किंवा तीनच घरं आहेत. त्यात एखाद्याचा खरोखर जमिनीचा व्यवहार चालू असला, तर तुम्ही मनात आणलं नसलं तरी नाटक त्याच्यावरच लिहिलं असं होतं. बारवी, चिखलोली, मूळगाव, कोंडेश्वर कुठलंही गाव घ्या, हाच नियम.

तपासायला मतदार यादी पुरेशी आहे. ती पीडीएफमध्ये मिळते, मोबाईलवर उघडते. नाटक ज्या गावात होणार त्या गावाची आणि शेजारच्या दोन गावांची यादी चाळा. पण यादीतलं अख्खं नाव, म्हणजे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं जसंच्या तसं कधी उचलू नका.

जुन्या काळातली गोष्ट असेल तर जुना सातबारा आणि फेरफार हा खजिना आहे. शासनाच्या 'आपले अभिलेख' वर बरेच जुने कागद स्कॅन करून ठेवले आहेत. शेतकरी माणूस हे कागद वारसनोंदीसाठी बघतो, पण काथोड, जोमा, गोमा, हिराजी अशी आपल्याकडची जुनी नावं तिथेच सापडतात. एका फेरफारातून नाव घ्या, दुसऱ्या गावाच्या फेरफारातून आडनाव. सत्तर वर्षांच्या आजोबांना 'आर्यन' आणि विशीतल्या पोराला 'जोमा' होत नाही, एवढं भान ठेवलं की झालं.

बाईच्या पात्राला दोन आडनावं असतात, हेही स्क्रिप्टमध्ये आलं पाहिजे. रेशनकार्डावर सासरचं, दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं, आणि माहेरच्या जमिनीत हिस्सा मागायला गेली की तलाठी दोन्हींचा पुरावा मागतो. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई कोणतं आडनाव सांगते, ते सांगताना क्षणभर थांबते का, एवढ्यावर एक प्रवेश उभा राहतो. आणि शाळकरी पोराचं पात्र असेल तर नवा नियम ध्यानात घ्या. राज्य सरकारच्या मार्च २०२४ च्या निर्णयाप्रमाणे ठरावीक तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. वर्गातली हजेरी दाखवताना मास्तर नाव कसं पुकारतो, ते बघून लिहा.

कागदपत्रं आणि कायदा

"सर्व पात्रे काल्पनिक आहेत" ही पाटी सुरुवातीला लावतात, ती लावावीच. पण तिने सगळं झाकलं जात नाही. आडनाव, धंदा, घराची जागा, बोलायची लकब असं सगळं मिळून गावाला माणूस ओळखू आला आणि त्याची बदनामी झाली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तक्रार होऊ शकते. आडनावाला जोडून जातीचा अपमान करणारा संवाद असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा आहे. गंमत म्हणून टाकलेली रील डिलीट केली तरी तोवर ती दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये गेलेली असते.

नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एकदा संहिता पाठवली की ऐन वेळी पात्राचं आडनाव बदलणं म्हणजे पुन्हा कागद रंगवणं. तेव्हा तालीम सुरू होण्याआधीच पात्रांची यादी मंडळातल्या दोन जाणत्या माणसांना आणि शक्य असेल तर दुसऱ्या आळीतल्या एका बाईला वाचून दाखवा. कोणतं आडनाव कुणाला बोचेल हे त्या यादी ऐकताना लगेच सांगतात.